वाचकांचे प्रश्न : डोंगराला वणवा लागलाय, गाडी पोचत नाही, मग करायचं काय?

या महिन्यात वणव्यावर इतके प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकात घ्यायचं ठरवलं. सोबत फोटोपण भरपूर आलेत, रात्री पेटलेल्या डोंगराच्या धारेचे, आणि जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच, रस्ता नाही पाणी नाही, वर कडा खाली दरी, अशा जागी आग विझवायची तरी कशी. तर आज त्यावरच नीट बोलूया. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं न छापता फक्त गावं दिलीत.

प्रश्न (भोर तालुका) : आमच्या समोरच्या डोंगराला दरवर्षी होळीच्या आसपास वणवा लागतो. वनरक्षक एकटा, बीट मोठं, त्याला यायला वेळ लागतो. अग्निशमनची गाडी डांबरीपर्यंतच येते. आम्ही गावातली पोरं फांद्या घेऊन वर पळतो पण आग आमच्या आधी वर गेलेली असते. आमचं चुकतंय कुठे?

तुम्ही जाताय ही फार मोठी गोष्ट आहे, आधी ते सांगतो. कारण सह्याद्रीत आजही बहुतेक वणवे तुमच्यासारख्या माणसांनीच विझवलेत, गाडीने नाही आणि पाण्याने तर नाहीच. चुकतंय एवढंच की तुम्ही आगीच्या तोंडामागे लागताय. आगीला तोंड असतं, दोन बाजू असतात आणि शेपूट असतं. चढावर तोंड कायम वरच्या अंगाला. आता खालच्या ज्वाळेची आच वरच्या गवताला आधीच तापवून कोरडं करून ठेवते, त्यामुळे ज्वाळा तिथे पोचायच्या आत ते पेटायला तयारच असतं. ऑस्ट्रेलियातल्या मॅकआर्थर नावाच्या आग-अभ्यासकाचा एक ठोकताळा आहे, उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २० अंशांच्या चढाला चौपट. आणि माणसाचा वेग मात्र त्याच चढाला निम्म्यावर येतो. ही शर्यत कुणालाच जिंकता येत नाही, कितीही दमाची पोरं असू देत.

म्हणून सुरुवात शेपटापासून करायची. खाली जिथे जळून गेलंय किंवा जिथे ओढा, कातळ, नांगरलेलं शेत आहे अशी पक्की जागा पाठीशी घ्यायची आणि तिथून दोन टोळ्या करून दोन्ही बाजूंनी कडा विझवत वर सरकायचं, पाय शक्यतो जळालेल्या भागात किंवा त्याच्या अगदी लगत. आगीची रुंदी अशी दोन्हीकडून आवळत न्यायची. समोर न विझवलेलं गवत आणि मागे पण न विझवलेलं गवत अशा जागी कुणीही उभं राहायचं नाही, ही एक गोष्ट जरी सगळ्यांच्या डोक्यात बसली तरी पुष्कळ जीव वाचतील.

आणि तोंडाचं काय? तोंडाला वर जाऊ द्यायचं. धारेच्या पलीकडे उतार फिरतो, तिथे आगीचा जोर आपोआप मोडतो कारण आता तिला खाली उतरायचं असतं आणि उतरताना ती मंद असते. तेव्हा एक टोळी दुसऱ्या सुरक्षित वाटेने आधीच पलीकडच्या अंगाला पोचलेली पाहिजे, धारेच्या थोडी खाली, आणि तिथे असलेली पायवाट, गुरांची वाट, कातळाचा सडा, जे काही नैसर्गिक तुटक असेल ते पकडून त्याला जोडून गवत साफ करून पट्टा काढायचा. धारेच्या अलीकडे, म्हणजे आगीच्या बाजूच्या चढावर, पट्टा काढायला जाऊ नका, तिथे वेळ पुरत नाही आणि अंगावर येते ती आग.

घळीत आणि नाळेत उतरू नका. दोन्ही बाजूंनी कडे आणि मध्ये अरुंद चढ असला की ती जागा धुराड्यासारखी हवा वर ओढते, तिथे शिरलेली आग काही मिनिटांत माथ्याला असते. आपल्या डोंगरात गावाकडून वर जायच्या जुन्या वाटा नेमक्या नाळेतूनच असतात, त्यामुळे घाईत पोरं तिकडेच वळतात. जरा लांबची सोंडेवरची वाट घ्या.

वेळेचं गणित सगळ्यात मोलाचं आहे. दुपारी बारा ते चार-पाच ही आगीची वेळ. ऊन तापलेलं, गवतातला ओलावा गेलेला, वारा उताराने वर वाहतो, शिवाय मार्च-एप्रिलात दुपारनंतर कोकणाकडून पश्चिमेचा वारा घाटावर चढतो. दिवस मावळला की वारा उलटा होऊन खाली वाहायला लागतो, हवेत दमटपणा येतो, ज्वाळा खाली बसतात. पहाटेची वेळ त्यात सगळ्यात चांगली, दव असेल तर विचारायलाच नको. दुपारी जी आग छातीएवढी असते तीच पहाटे गुडघ्याला येते. त्यामुळे दुपारी घरांजवळ, गोठ्यांजवळ, गवताच्या गंज्यांजवळ येत नसेल तर वर चढायची घाई करू नका, खालून तिच्यावर लक्ष ठेवा, माणसं जमवा, पाणी भरा, रेषा म्हणजे गवत साफ केलेला पट्टा कुठे काढायचा ते ठरवा आणि संध्याकाळी किंवा पहाटे कामाला लागा. रात्रीच्या कामाला ज्यांच्या पायाखालची वाट आहे तेच जातील, कड्यावरून पडून माणूस गेला तर तोही वणव्याचाच बळी.

अवजारांचं लोक फार विचारतात. ओली डहाळी आजही चांगलीच, फक्त मारायची पद्धत बदला. उंचावरून जोरात आपटली की ठिणग्या उडतात आणि मागे नवी आग लागते. आडव्या हाताने दाबून, जळालेल्या बाजूकडे ओढत मारायची. कोयता, कुदळ, विळा, लोखंडी पंजा हे रेषेसाठी. वनखात्याकडे आता पेट्रोलवरचे ब्लोअर असतात, त्याने पाचोळा उडवून झटपट रेषा निघते आणि बारकी ज्वाळा जळालेल्या बाजूला मागे ढकलता येते, सागाच्या पानगळीच्या जंगलात तर एक ब्लोअर बऱ्याच माणसांचं काम करतो. पण उंच कुसळी गवतात त्याचा तेवढा उपयोग नाही, उलट चुकीच्या दिशेने धरला तर आगीलाच वारा मिळतो. सरळ मोजमाप लक्षात ठेवा, ज्वाळा चार फुटांच्या वर असली तर हातातल्या अवजारांनी समोरून भिडायचं नाही. मागे यायचं, लांब रेषा काढायची.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनचे टीशर्ट आणि ट्रॅकपँट घालून येतात पोरं, ते वितळून कातडीला चिकटतं. चपला नकोत, बूट पाहिजेत. तोंडाला सुती फडकं कोरडंच बांधा, ओलं बांधायची पद्धत आहे आपल्याकडे पण जास्त आच लागली तर त्याची वाफ होऊन श्वासनलिका भाजू शकते. प्यायला माणशी चार-पाच लिटर पाणी. आणि होळीच्या दिवसात कुणी प्यायलेला असेल तर त्याला हात जोडून खालीच थांबवा.

एक माणूस फक्त बघायला ठेवा. समोरच्या टेकाडावर, जिथून आग आणि तुम्ही दोघंही दिसाल अशा जागी, हातात फोन किंवा शिट्टी, आणि त्याने दुसरं काहीच काम करायचं नाही. आत असलेल्याला धुरात काही कळत नाही, वारा फिरलेला बाहेरच्यालाच आधी दिसतो. अमेरिकेत पॉल ग्लिसन या आग विझवणाऱ्यांच्या म्होरक्याने १९९१ मध्ये चार गोष्टींचा नियम मांडला, टेहळणी, एकमेकांशी संपर्क, पळायची वाट आणि सुरक्षित जागा, या चारही ठरल्याशिवाय आगीला हात लावायचा नाही. तो नियम भोरला पण तसाच लागू आहे.

आपल्याकडचा एक धोका परदेशी पुस्तकात नसतो तो म्हणजे आग्या मोहोळ. कड्यांना लागलेली पोळी धुराने उठली तर आगीपेक्षा वाईट अवस्था होते. तुमच्या डोंगरात पोळी कुठल्या कड्याला आहेत हे गावातल्या जाणत्यांना माहीत असतं, वर जायच्या आधी विचारून घ्या.

ज्वाळा विझल्या म्हणजे काम संपलं असं धरून सगळे खाली येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच आग परत उठते. धुमसणारे ओंडके, बुंधे, शेणाच्या वाळक्या गोवऱ्या हे सगळं फोडून, माती टाकून, हाताच्या मागच्या बाजूने आच तपासून गार करायचं. उतारावर पेटता ओंडका रेषेखाली गडगडत गेला की खालून नवी आग चढते आणि तुम्ही मध्ये सापडता. म्हणून कडेची पट्टी तरी पूर्ण थंड झाल्याशिवाय डोंगर सोडू नका, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोघातिघांनी एक फेरी माराच. वठलेल्या जळक्या झाडाखाली मात्र थांबायचं नाही, ती न सांगता कोसळतात.

प्रश्न (सावंतवाडी) : २०२३ ला गोव्यात म्हादईच्या जंगलात हेलिकॉप्टरने पाणी टाकलं. मग महाराष्ट्रात प्रत्येक वणव्याला हेलिकॉप्टर का पाठवत नाहीत?

मार्च २०२३ ला गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि आजूबाजूला एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी आगी होत्या, जागा अशा की माणूस पोचायलाच अर्धा दिवस, म्हणून हवाई दल आणि नौदल दोघांनाही बोलवावं लागलं. नागालँड-मणिपूर सीमेवरच्या झुकू खोऱ्यात डिसेंबर २०२० च्या शेवटी लागलेली आग पण अशीच, तिथेही एमआय-१७ हेलिकॉप्टर आणि बांबी बकेट वापरली. बांबी बकेट म्हणजे हेलिकॉप्टरखाली दोराला लटकवलेली मोठी बादली, एमआय-१७ ला लावतात तिच्यात साधारण साडेतीन हजार लिटर पाणी मावतं, तलावात बुडवून भरायची आणि आगीवर सोडायची.

ऐकायला खूप वाटतं, पण उंचावरून सोडलेलं पाणी पसरतं, दाट झाडीत वरच्या पानांवरच बरंचसं अडकतं, आणि खाली पाचोळ्यातली आग फक्त थोडा वेळ दबते. त्या थोड्या वेळात खाली माणसं असतील आणि त्यांनी रेषा पुरी केली तरच त्याचा फायदा. नुसत्या हेलिकॉप्टरने आग क्वचितच पूर्ण विझते. शिवाय जवळ खोल पाणवठा हवा, अरुंद दरीत धूर आणि उलटसुलट वारा असला की पायलटचा जीव धोक्यात, रात्री तर बंदच, आणि बोलावल्यापासून यायला लागणारा वेळ वेगळा. आपला गवताळ वणवा बहुतेक वेळा तोवर डोंगर संपवून मोकळा झालेला असतो.

माझं स्पष्ट मत असं आहे की मोठ्या, दिवसेंदिवस चाललेल्या, माणूस पोचू शकत नाही अशा आगीला हेलिकॉप्टर जरूर मागावं, त्यात कमीपणा नाही. पण तोच पैसा आधी हंगामी फायर वॉचरचे पगार वेळेवर द्यायला, त्यांना बूट, हातमोजे, हेडलॅम्प द्यायला आणि जाळरेषा वेळेत काढायला वापरला तर हेलिकॉप्टर बोलवायची वेळच कमी येईल. जंगलाशेजारच्या गावातली ही माणसं काही महिन्यांच्या रोजंदारीवर आगीसमोर उभी राहतात. उत्तराखंडात बिनसर अभयारण्यात जून २०२४ मध्ये आग विझवायला गेलेले वनखात्याचे चार कर्मचारी जागीच गेले, इतर होरपळले. अशा बातम्या दोन दिवस चालतात आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणी विचारत नाही, याचा मनापासून राग येतो.

प्रश्न (ठाणे) : आमचा ट्रेकिंग ग्रुप आहे. मार्चमध्ये गडावर असताना खालून वणवा चढताना दिसला तर काय करायचं? वर पळायचं की खाली?

प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्सचे दोन ग्रुप उतरत होते, आजूबाजूला पुरुषभर वाळलेलं गवत, आग लागली आणि लोक घाबरून वाट फुटेल तिकडे पळाले. त्यात आणि नंतर हॉस्पिटलमध्ये मिळून २३ जण गेले. बहुतेक तरुण. आपले मार्चमधले गड आणि तो डोंगर यात काहीही फरक नाही.

आग तुमच्या खाली असेल तर सरळ वर पळायचं नाही, कारण वर सांगितलं तसं ती तुमच्यापेक्षा जोरात चढते. आडवं जायचं, उताराला समांतर, आगीच्या बाजूच्या बाहेर निघायचं. आणि जायचं तिथे जाळायला काही नसेल अशा जागी. उघडा कातळ, मोठा सडा, पाण्याचं टाकं, नांगरलेलं वावर, किंवा आधीच जळून काळा झालेला भाग. काळा पट्टा दिसायला भयंकर पण तिथे परत आग येत नाही, कारण खायला काही उरलेलं नसतं. ज्वाळा बारीक आणि पट्टा अरुंद असेल, पलीकडचं काळं स्पष्ट दिसत असेल, तर कधीकधी एका धावेत तो ओलांडणं हाच मार्ग राहतो, पण तो अगदी शेवटचा.

याचं एक उदाहरण जगभर शिकवलं जातं. ५ ऑगस्ट १९४९, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाची घळ. पॅराशूटने उतरलेली आग विझवणारी टोळी, खालून गवताची आग चढावर त्यांच्यामागे लागली. म्होरक्या वॅग डॉज याने पळता पळता थांबून काडी ओढली, स्वतःच्या पुढचं गवत पेटवलं आणि ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडला. मोठी आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, तो वाचला. त्याने बाकीच्यांना हाका मारल्या पण कुणाला ते कळलंच नाही, सगळे वर धारेकडे पळाले, दोघं खडकाच्या फटीतून पार झाले आणि १३ जण गेले. ही युक्ती तुम्ही करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. जळालेली जागा ही सुरक्षित जागा असते एवढं त्यातून पक्कं डोक्यात ठेवा.

गडावरच अडकलात तर तटाच्या आत, टाक्यापाशी, गवत नसलेल्या जागी थांबा, पायाखालचं आणि आजूबाजूचं गवत उपटून टाका, गॅसची कॅन आणि सॅक लांब ठेवा, खाली बसा, तोंड जमिनीजवळ, कारण धूर वर जातो. ग्रुप फोडू नका. आणि खरं सांगायचं तर फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत गवताळ उतारावर मुक्काम आणि शेकोटी टाळा. चूल पाहिजेच असेल तर कातळावर, भोवती मोकळं करून, आणि उठताना पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत.

प्रश्न (पाटण) : माझं वय ७० च्या पुढे आहे. आमच्या वाडवडिलांपासून डोंगर भाजतात, पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं. तुम्ही लोक म्हणता वाईट. मग आमचा अनुभव खोटा का?

आजोबा, तुमचा अनुभव खोटा नाही. जळालेल्या जागी पहिल्या पावसानंतर गवत लवकर आणि हिरवंगार दिसतं ते खरंच आहे. जुनं वाळकं गवत निघून जातं, उन्हाला जागा मिळते, राखेतली खतं लगेच हाताशी येतात, गुरांना कोवळा चारा मिळतो. पण तेच दरवर्षी केलं की दुसरी बाजू हळूहळू दिसायला लागते. नत्र धुरावाटे उडून जातं, बाकीची राख पहिल्या वळवाच्या पावसात ओढ्याला जाते, उघड्या उतारावरची मातीपण तिच्याबरोबर. कारवी, करवंद, हिरडा, जांभूळ यांची रोपटी दरवर्षी मेली की नवं झाड कधी मोठंच होत नाही. आणि गवतातही आगीला पुरून उरणारं राठ कुसळीच वाढतं, जे गुरं फक्त कोवळं असेपर्यंत खातात. तुमच्या लहानपणी डोंगरावर जी झाडं होती ती आज किती राहिलीत हे तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

चाऱ्यासाठी जाळण्याऐवजी दिवाळीनंतर गवत कापून घेणं हा जुना आणि चांगला उपाय आहे, चारापण मिळतो आणि जळायलाही काही उरत नाही. मजूर मिळत नाही ही खरी अडचण आहे, मला माहीत आहे. काही गावांनी वनव्यवस्थापन समितीमार्फत कापणी वाटून घेतलीय, तसं तुमच्याकडे करता आलं तर बघा. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा असेल तर भोवतीचा पाचोळा चांगला चार-पाच हात झाडून घ्या, सकाळी लवकर भाजा, वारा पडलेला असताना, आणि पूर्ण विझेपर्यंत कुणीतरी तिथेच थांबा. दुपारी राब पेटवून जेवायला जाणं यातून किती डोंगर गेलेत.

प्रश्न (धानोरा, गडचिरोली) : मोह वेचायला लोक झाडाखाली पाचोळा जाळतात. त्यांना गुन्हेगार म्हणणं बरोबर आहे का?

नाही, आणि नुसतं तसं म्हणून आग कमीही होत नाही. मोह पहाटे पडतो, पाचोळ्यात फूल दिसत नाही, हाताला विंचू-साप लागायची भीती, आणि त्या काही आठवड्यांच्या कमाईवर घर चालतं. आग झाडाखाली लावलेली असते, ती तिथे राहत नाही हाच प्रश्न आहे. पाचोळा झाडून ढीग करणं, किंवा झाडाखाली जाळी नाहीतर जुन्या साड्या बांधून त्यावर फूल पडू देणं, हे दोन्ही चालतं, जाळीवरचं फूल स्वच्छ राहतं त्यामुळे त्याला भाव मिळायची शक्यताही जास्त. खात्याने जाळ्या द्याव्यात, मोहाच्या हंगामाआधी द्याव्यात, एप्रिलमध्ये नाही. तेंदूची नवी पालवी यावी म्हणून जाळतात त्याला झुडपं छाटणं हा पर्याय आहे, त्याची मजुरी वेळेत दिली पाहिजे. राज्यात सर्वाधिक आगीच्या नोंदी येणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली कायम वर असतो, तिथली आग पोटापाण्याच्या वाटेनेच कमी होईल.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव कायद्याचं कलम ३० लागतं. त्याच वन अधिनियमात कलम ७९ पण आहे, जंगलात हक्क असलेल्यांनी आगीची खबर द्यायची आणि विझवायला मदत करायची असं ते सांगतं. हे कमी लोकांना माहीत असतं.

प्रश्न (कोल्हापूर, कॉलेज विद्यार्थिनी) : सर, सॅटेलाइटवरून वणवा कळतो तर मग उशीर का होतो?

कळतो, पण सतत नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या माहितीवरून आगीचे पॉइंट काढून खात्याच्या लोकांना मेसेज पाठवते, तूही त्यांच्या पोर्टलवर नाव नोंदवून आपल्या भागाचे मेसेज मागू शकतेस. पण यातले उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातात, मुख्य फेऱ्या दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री तेवढ्याच वाजता. तीन वाजता लागलेली आग मध्यरात्रीनंतरच दिसणार, तोवर ती संपलेलीही असेल. शिवाय या उपग्रहांवरच्या व्हीआयआयआरएस नावाच्या सेन्सरचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे पॉइंट दाखवतो तिथून खरी आग शेजारच्या दरीतही असू शकते, आणि आपल्या डोंगरात शेजारची दरी म्हणजे दोन तासांची चाल. राब, वीटभट्टी हेपण त्यात येतं. म्हणून समोरच्या वाडीतल्या माणसाचा फोन आजही सॅटेलाइटच्या आधी लागतो. तुला यात काम करायचं असेल तर जरूर कर, स्थानिक वाटा, पाणवठे, धारा, कडे यांचा नकाशा प्रत्येक बीटसाठी बनवणं हे अजून बरंच बाकी आहे.

प्रश्न (कॅलगरी, कॅनडा) : इथे दुर्गम भागातल्या कितीतरी आगी नुसत्या लक्ष ठेवून जळू देतात. भारतात तसं का नाही?

तिथली उत्तरेकडची जंगलं प्रचंड, वस्ती विरळ, आणि तिथल्या कितीतरी झाडांना आगीची सवय आहे, जॅक पाइनसारख्या झाडांचे बियांचे शंकू तर आचेनेच उघडतात. म्हणून माणसं आणि वस्त्या वाचवायच्या आणि बाकीचं जळू द्यायचं हा तिथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्यालाही मर्यादा आहेत, २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरहून जास्त जंगल जळालं आणि धूर थेट न्यूयॉर्कपर्यंत गेला ते तुम्ही बघितलंच. आपल्याकडे जंगलाच्या प्रत्येक कडेला गाव आहे, गुरं आहेत, आणि विजेने लागणारी आग फार थोडी, जवळजवळ सगळी माणसाच्या हातची, तीही त्याच जागी दरवर्षी. जळू द्या म्हणण्याइतका मोकळा वेळ आपल्या जंगलाला मिळतच नाही.

प्रश्न (आंबेगाव) : समोरून उलटी आग लावून वणवा थांबवतात म्हणे. आम्ही करू का?

नका करू. ते काम अनुभवी माणसांचं, खात्याच्या अधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय कुणी करायचं नाही. आधी पक्की रेषा लागते, वारा मोठ्या आगीकडे ओढला जातोय का ते बघावं लागतं, मध्ये कुणी माणूस, गुराखी, टोळी नाही याची खात्री लागते. यातलं एक जरी हुकलं तर तुमच्या हाताने दुसरा वणवा लागला आणि मधले लोक दोन आगींत सापडले. तुमच्या उत्साहाचा खरा उपयोग जानेवारीत आहे. हंगाम आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याआधी गवत वाळायला लागलं की खात्याबरोबर जाऊन जाळरेषा साफ करा, रस्त्याच्या कडा, मंदिराच्या वाटा, गावाच्या हद्दी. रेषा काढून पाचोळा तसाच पडू दिला तर पंधरा दिवसांत ती पानांनी भरते, सागाच्या जंगलात तर त्याआधीच, म्हणून मार्चमध्ये परत एकदा झाडायला जावंच लागतं.

प्रश्न (जुन्नर, शिक्षिका) : शाळेतल्या मुलांना वणवा दिसला तर फोनवर काय सांगायचं हे शिकवायचंय. थोडक्यात लिहाल का?

बाई, लिहितो. महाराष्ट्र वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६, नाही लागला तर ११२, आणि आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. फोनवर आधी गाव, मग डोंगराचं गावातलं नाव आणि जवळची खूण, देऊळ, टॉवर, धनगरवाडा असं काहीतरी. मग आग पायथ्याला आहे की मध्यावर की माथ्यावर, कुठल्या अंगाला चाललीय, धूर पांढरा की काळपट, तिथे वस्ती, गोठा किंवा गुराखी आहे का, आणि वर जायला सध्या कुठली वाट मोकळी आहे. फोन करणाऱ्याने आपला नंबर चालू ठेवायचा. मुलांनी वर जायचं नाही, एकानेही नाही, हे मात्र दोनदा सांगा.